लेकीचं ओरडणं

अहो,

इथूनच वाकून नमस्कार. नातू गुटगुटीत आहे.

लेक मात्र बरेच दिवस नळ सोडून न्हाणीघरात रडायची, बाळाकडे बघायचीही नाही. शेवटी जावई आणि मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होतो हा आजार. औषधाने बरा होतो. तिला झोपू द्या."

म्हणून बाळ बहुतेक माझ्याकडेच असतं. माझ्या कमरेचा पार भुगा झालाय, पण तिला कळवू नका. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?

आज बाळाला उचललं, तर ती पलंगावरून ओरडली, "आई, मान धर ना त्याची!"

मी धरलेलीच होती. तरी म्हटलं, "चुकलंच माझं." आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तुमचीच,
दमलेली आजीबाई