भुकूमच्या पाव्हण्यांपुढे मुलाखत

पौड, ता. मुळशी
रविवार, दिवेलागण

तीर्थस्वरूप लीलाआक्का हिच्या पायांवर धाकटा भाऊ भिकाजी याचं डोकं (आत काही आहे की नाही याची चौकशी न करता ठेवून घ्यावं).

इकडे सगळ्यांच्या प्रकृती बऱ्या आहेत. म्हणजे ज्यांच्या सकाळपर्यंत बऱ्या होत्या त्यांच्या दुपारपासून बिघडल्या, आणि बाकीच्यांना अजून बातमी लागलेली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? (मागे आलो होतो तेव्हा त्यांनी चहा येईपर्यंत खोकला आवरून धरला होता, आणि मी मुक्कामाचं नाव काढताच तो पुन्हा उसळला. आजार जुना असला तरी ताब्यात दिसतो.)

आपल्या थोरल्या दादाची अनुसया बारावी शास्त्र चांगल्या मार्कांनी पास झाली, हे तुला कळलं असेलच. तिला तुमच्या पुण्यातल्या मुलींच्या कॉलेजात जायचं आहे, वसतिगृहात राहून. तिथल्या प्राचार्याबाई मुलीसोबत पालकालाही समोर बसवतात. आमच्याकडचे बाप मुलीला हौसेनं कॉलेजात घालतात आणि बरं स्थळ आलं की वर्ष अर्ध्यावर टाकून काढून नेतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालं आहे. म्हणून त्या बापाला एकच विचारतात, मधेच काढणार का? तिथे बाप अडखळला की मुलगी घरी. आणि घरी म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. आपल्या भावकीत बारावी होऊन घरी बसलेली मुलगी पुढचा मार्गशीर्ष माहेरी बघत नाही. ही मुलाखत उद्या सकाळी आहे.

तयारीसाठी दादानं पुण्याहून वाल्मीकसर नावाचे गृहस्थ आणले. प्रवेशाच्या मुलाखतीची शिकवणी घेतात. मुलीची नव्हे, अख्ख्या घराची. “प्रत्येक घराचा रोग वेगळा, म्हणून प्रत्येक घराचं औषध वेगळं,” असं ते म्हणतात, आणि औषधाचा मोबदला म्हणून आपला आंबेमोहोर आनंदानं घेऊन जातात. रविवारच्या एस.टी.नं यायचे. येताना प्रत्येक वेळी दोनतीन अनोळखी माणसं आणायचे, कधी टोपीवाले निवृत्त हेडमास्तर, कधी चष्मेवाल्या बाई. मुलीची भीड चेपावी म्हणून ही मंडळी ओटीवर सतरंजीवर ओळीनं बसायची, अनुसया समोर यायची, आणि हे तिला नाव, शिक्षण, आवडनिवड विचारायचे. वहिनीलाही धडे होते. मुलगी घरात काय करते असं विचारलं तर “वाचते” म्हणायचं. वहिनीनं विचारलं, “मग भाकऱ्या कोन थापतंय आसं इचारलं तर?” सरांनी तो प्रश्न पुढच्या रविवारवर ढकलला.

खरा रोग दादा. सर प्राचार्याबाईंचा आवाज काढून विचारायचे, मधेच काढणार का? पहिल्या रविवारी दादा म्हणाला, “ते स्थळावर हाय.” दुसऱ्या रविवारी म्हणाला, “न्हाई,” आणि सरांचा चेहरा उजळेपर्यंत पुढे म्हणाला, “पन जमीन बागायत आसंल तर?” आपला दादा खोटं बोलत नाही ही साऱ्या मुळशी खोऱ्यात त्याची कीर्ती आहे, आणि ती घरच्यांना किती महागात पडते याची खोऱ्याला कल्पना नाही. शेवटी सरांनी युक्ती काढली. प्रश्नाची वाट बघायचीच नाही. पाव्हणे बसले की आपणच आधी, एका दमात, ठरलेलं वाक्य म्हणून मोकळं व्हायचं. दादा ते वाक्य गोठ्यात, बांधावर, अंघोळीला बसल्यावर घोकू लागला. (बैलांना पाठ झालं असावं. त्याला होत नव्हतं.)

आता तू म्हणशील यात बिघडलं कुठे. बिघडलं पोह्यांत. ओटीवर आलेल्या माणसाला वहिनी पोहे दिल्याशिवाय उठू देत नाही, आणि पोहे नेऊन देणार अनुसया. समोरच्या तुळजाबाईनं तिच्या पडवीतून काय पाहिलं? दर रविवारी नवे पाव्हणे येतात, मुलीला बसवून प्रश्न विचारतात, पोहे खातात, जातात, आणि परत ती तोंडं दिसत नाहीत. गावात हळहळ सुरू झाली. हैबतरावाच्या पोरीला लोक बघून बघून सोडतायत, कायतरी खोट आसंल. मला हे पिठाच्या गिरणीत कळलं. मी खुलासा केला, तर गिरणीवाला म्हणाला, “व्हय व्हय, कालेजची लोकं,” आणि माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की मलाच माझा खुलासा खोटा वाटू लागला. तुळजाबाईला तर इतकी दया आली की तिनं परस्पर भुकूमला, आपल्या बहिणीच्या सासरी, निरोप धाडला.

आज सकाळी सरांची एस.टी. चुकली. आणि ठरल्या वेळेला चार पाव्हणे दारात उभे. एक पागोटेवाले म्हातारे आबा, एक जाडजूड बाई, एक मधल्या वयाचे गृहस्थ आणि एक इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण, जो शेवटपर्यंत खाली बघत होता. (मी त्याला कॉलेजचा कारकून समजलो. अजूनही मला ते फार चुकलंसं वाटत नाही.) सर मागनं येत असतील असं धरून सगळे बसले. दादानं घसा खाकरला, आणि इतक्या रविवारी जे जमलं नव्हतं ते त्याला जमलं. कुठेही न अडखळता, आबांच्या डोळ्याला डोळा देऊन तो म्हणाला, “येकदा पोरगी तुमच्या हवाली केली की केली. मधनं काढून न्यायची न्हाई. हा हैबतरावाचा शब्द.”

आबा इतके खूष झाले की त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांनी अनुसयेला विचारलं, आमच्याकडं येऊन काय करशील? ती शांतपणे म्हणाली की आधी तीन वर्षं अभ्यास, मग नोकरी. शिस्त पाळीन, पण काही चुकीचं दिसलं तर विचारल्याशिवाय राहणार नाही. जाडजूड बाईंच्या हातातला चमचा थांबला. मी मनात म्हटलं, वा, सरांनी या खेपेला कसलेली माणसं धाडली.

तेवढ्यात पुढच्या एस.टी.नं सर आले. आपल्या गिऱ्हाइकाच्या ओटीवर दुसऱ्याच मंडळींची मुलाखत चालू बघून त्यांचा चेहरा उतरला. आपल्या धंद्यात कोणीतरी घुसलं असा त्यांचा समज झाला असावा. जरा आंबट आवाजात त्यांनी आबांना विचारलं, “आपण कोणत्या संस्थेचे?”

“आमी भुकूमचं,” आबा म्हणाले. “ह्यो नवरा मुलगा, त्याचा मी आजा. पोरगी पसंत हाय. आमच्या घरात समदी मुकी, आन् जमिनीची केस चाललीया. बोलनारं मानूस पायजेच हुतं. तुळशीचं लगीन झालं की उरकून टाकू.”

अनुसया ताटल्या गोळा करत होती ती तशीच थांबली. बापाकडे बघून एवढंच म्हणाली, “आण्णा, उद्या मुलाखत हाय.” आणि आत गेली. पाव्हणे दुपारी गेले, मंगळवारी सुपारीला येतो म्हणून.

दुपारभर मी दादाला समजावलं. तू शब्द कॉलेजला दिलास, भुकूमला नव्हे. तो म्हणाला, “शबुद त्वांडातनं गेला. कुनाच्या कानात गेला ते कोन बघतंय.” उद्या बाईंपुढे गेलो तर एका मुलीसाठी दोन ठिकाणी शब्द दिल्यासारखं होईल, म्हणून तो जाणारच नाही म्हणतो. वहिनी चुलीपाशी बसून आहे, चूल न पेटवता. सर अजून इथेच आहेत आणि घडी घडी “बाकी मुलीची तयारी उत्तम झाली” असं म्हणतायत.

असो. इथे पाऊस बेताचा. भात लावणी पुढच्या आठवड्यात. दाजींना नमस्कार, खोकल्याला आराम.

तुझा,
भिकाजी

ता. क. हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्या मुलीनं ते तुझ्या हातात दिलं ती अनुसया आहे. तू हे वाचून होईपर्यंत ती दारातच उभी असेल, कारण मीच तिला सांगितलं आहे की आत्यानं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आत जायचं नाही. तिला आत घे.

ता. क. दुसरा. वसतिगृहातल्या मुलीला पुण्यातलं पालक माणूस लागतं, आणि बापाच्या जागी तेही चालतं असं सर म्हणतात. ते तू. उद्या सकाळी तिच्यासोबत जा आणि बाईंनी विचारलं की सांग, मधेच काढणार नाही. रविवारी ती तुझ्याकडे जेवायला येईल. दाजींना खोकायचं असलं तर खुशाल खोकू दे, ती शास्त्र शाखेची आहे.

ता. क. तिसरा. हे सगळं दादाच्या चोरून चाललं आहे असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण मी तिला शेवटच्या एस.टी.त बसवायला आलो तर थांब्यावर तो आधीच उभा होता, तिची वळकटी घेऊन. सकाळी भुकूमला जाऊन आबांचे पाय धरणार आहे म्हणतो. मी विचारलं, मग उद्या बाईंपुढे तूच का जात नाहीस? तर म्हणाला, “मी दिल्याला शबुद आज माझ्याच्यानं मोडतोय. उद्याबी मोडंन. लीलीला देऊ दे. तिनं दिल्याला मोडायची माझी छाती न्हाई.”