पावित्र्य वर जातं की खाली राहतं?

सौ. देसांकाताईस,

विटोमिरचा नमस्कार. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि तुमची गाडी, तिघंही बरी असतील अशी आशा आहे. (ऑगस्टात आमच्या फाटकाशी उकळलेली ती गाडी त्यानंतर घाटातसुद्धा तापली नाही, असं तू लिहिलंस. या घरात सध्या आनंद मानण्यासारखं तेवढंच आहे.)

ताई, मी कंटाळलो गं. सत्तावीस वर्षं शाळेत मिश्रणं वेगळी करायला शिकवतोय. वाळू-मीठ, तेल-पाणी, लोखंडाचा कीस नि गंधक, म्हणशील ते वेगळं करून दाखवतो. पण सासऱ्यांच्या लेखी मी कोण? तर जन्मात आलुबुखाराच्या दारूचा, आपल्या राकियाचा, एक थेंबही न गाळलेला मास्तर! यंदा मात्र त्यांचा नाइलाज झाला. गेल्या हिवाळ्यातल्या तापात मिलिसावबाबांचं नाक गेलं (आहे जागेवर, पण वास येत नाही), आणि वासाशिवाय धार ओळखायची कशी? पहिली धार विषारी, ती गुडघ्यांना चोळायची; मधली पाहुण्यांची; शेवटची पुचाट. साठ वर्षं हे नाकाने करणाऱ्या माणसाने हंड्याजवळची आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः खुराड्यापाशी पाठ करून बसला. मला गलबलून आलं. मी थर्मामीटर लावला आणि धारा अशा चोख तोडल्या, की काय सांगू! फक्त राकिया जरा जहाल उतरली, म्हणून कोठीतली पाण्याची एक बाटली आणून पिंपात ओतली. सगळेच ओततात.

तिथेच घात झाला. सासूबाई (स्तोयांकाबाईंचा आवाज तुला माहीतच आहे) किंचाळत आल्या, की जानेवारीत चर्चमधून आणलेलं वर्षाचं तीर्थ कोठीत होतं, ते नाही! आता मला सांग, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत तीर्थ, तसल्याच बाटलीत राकिया, तसल्याच बाटलीत व्हिनेगर, ही आपल्या लोकांची रीत. माणसाने ओळखायचं कसं? तीर्थ म्हणजे अनशापोटी, प्रार्थना म्हणून, घोटभर. आणि ही राकिया संत निकोलाच्या सणाला रादोयेकाका ढोसणार, वर ती गाणी म्हणणार (कुठली, ते तुला ठाऊक आहे). ओतून द्यावी तर तीर्थ पायदळी. सासूबाईंनी पिंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं.

मी म्हटलं, सोपं आहे, पुन्हा उकळू. राकिया वाफेबरोबर वर जाईल, पाणी खाली राहील. त्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि मास्तर, पावित्र्य वर जातं की खाली राहतं?" ताई, याचा उत्कलनबिंदू कुठल्या पुस्तकात आहे गं? शेवटी पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी चाखली, डोळे मिटले, पुन्हा चाखली, प्रश्न गहन आहे म्हणाले, आणि विचार करायला दोन लिटर घरी घेऊन गेले. त्याला दहा दिवस झाले, अजून विचारच चाललाय. सण महिन्यावर आला. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. "माझी शेवटची राकिया," एवढंच एकदा म्हणाले. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझा वैतागलेला भाऊ,
विटोमिर

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आरडाओरडा. सासऱ्यांनी कुलूप तोडून पेलाभर घेतली आणि पिंपापाशीच रडत बसले. वास आला! आलुबुखाराचा! मग खुराड्याचाही आला, त्यावरही रडले. सासूबाईंनी चमत्कार जाहीर केलाय. सासऱ्यांनी मला जवळ बसवून म्हटलं, "धार बरोबर तोडलीस रे." जेवताना सासूबाईंनी जावई झाल्यापासून पहिल्यांदा मला आधी वाढलं.

ता. क. २. कचऱ्यात ती रिकामी बाटली सापडली. तीर्थाच्या बाटलीच्या झाकणावर सासूबाई सुरीने क्रूस कोरतात. या झाकणावर काहीही नाही. नुसतं विहिरीचं पाणी! मग मला ऑगस्ट आठवला. तुमच्या रेडिएटरसाठी कोठीतून बाटली मीच आणली होती. तेव्हा ताई, तुझ्या पाया पडतो, सणाला याल तेव्हा सासूबाईंसमोर गाडी कशी तापत नाही याचं कौतुक करू नका.