चढावर उभी केलेली घोडी

तीर्थरूप आसानकोजो मामांना, तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा जुमाकादिर याचा छातीवर हात ठेवून सलाम.

जनावरं सुखरूप आहेत ना? मेंढ्या अंगाने भरल्या का, घोड्यांचं दूध आटलं की अजून आंबवून कुमिस होतोय? आणि त्यानंतर, आपल्या रीतीप्रमाणे, माणसं कशी आहेत? मामींचा गुडघा थंडी पडली की बोलू लागतो असं ऐकलं. त्यांना मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायला सांगा, असं तुमच्या भाचेसुनेने, झूराकानने, मला तीनदा बजावलं आहे, म्हणून तीनदा लिहिलं असं समजा. ट्रक कसा आहे, हे मात्र मी विचारत नाही. माणसाने सगळंच एका पत्रात विचारू नये.

आधीच सांगतो, हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहीत नाही. मामाने भाच्याला नाही म्हणायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे भाच्याचं पत्र आलं की मामालोक पाकीट फोडायच्या आधी कळप डोंगरापलीकडे हाकलतात. तुम्ही तसं करू नका. निवांत बसा, चहा मागवा. तुमच्या भाच्याची फजिती वाचायला मिळणार आहे, आणि तुम्हाला ती आवडेल याची मला खात्री आहे.

तुमची नात बेगायिम एकोणीस वर्षांची झाली. तालुक्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली आहे. ही ती दगडधोंड्यांतून घाट चढून पलीकडे उतरायची शर्यत. पण नियम असा की घोडं ज्याचं त्याने आणायचं. गेल्या वर्षी ती मैत्रिणीच्या घोड्यावर धावली, पण मैत्रिणीचं लग्न झालं आणि घोडा तिच्यासोबत सासरी गेला. (नवरा काही खास नाही, घोडा मात्र उत्तम स्थळी पडला.) मी म्हणालो, काळजी कशाला करतेस, तुझा बाप जिवंत आहे. आपण घोडी घेऊ. घोडीच का? तर घोडा गर्दीत बिथरतो, खच्ची केलेले चांगले घोडे घोड्यावरून बकरी पळवायच्या खेळातले खेळाडू आधीच उचलतात, आणि घोडी शर्यत हरली तरी शिंगरू देते. मी व्यापारी माणूस आहे, हरण्यातूनही काहीतरी निघावं असा विचार करतो.

आता मला घोड्यांतलं काय कळतं, असं तुम्ही मनात म्हणाल. (मनातच म्हणा, मामींना ऐकू जाईल.) मामा, मी घाटाच्या रस्त्यावर एका जॅकवर जुने ट्रक दुरुस्त करून विकायचा धंदा सुरू केला आणि आज माझ्या तीन शेड आहेत. ट्रक पारखणारा माणूस घोडी का पारखू शकणार नाही? पंधरा दिवस मी जो भेटेल त्या जाणत्याला चहा पाजला आणि सगळं आपल्या भाषेत बसवून घेतलं. खांदा तिरका हवा, म्हणजे पाऊल लांब पडतं. खुराच्या वरचा सांधा म्हणजे गाडीचे पाटे, उभा असला तर धक्के बसतात, फार लवचीक असला तर तुटतो. पाठ म्हणजे चासी, आखूड आणि भक्कम हवी. तंग बांधतात तिथे छाती खोल हवी, कारण इंजिन तिथे बसतं. मागचे पाय मागून बघायचे, सरळ रेषेत पडतात की नाही ते. हे सगळं मला इतकं पाठ झालं की सरावासाठी मी माणसंही पारखू लागलो. झूराकानच्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेव तंबूत शिरत होता आणि मी शेजारच्याला म्हणालो, पुढून ठीक आहे, पण मागचे सांधे आत वळलेत, चढावर दम टाकेल. शेजारचा त्याचा बाप होता. त्या दिवशी आम्हाला मांसाचा जो वाटा आला तो शेळीलाही लाज वाटेल असा होता.

रविवारी बाजारात गेलो. बेगायिमने अर्ध्या तासात आपली घोडी निवडली. एका म्हातारीची, उंदराच्या रंगाची, बुटकी, आणि डोकं असं की जणू दुसऱ्या एखाद्या मोठ्या घोड्याचं चुकून बसवलंय. पोरीने तिच्या जबड्याखाली मूठ घालून पाहिली, चारी खूर उचलले, म्हातारीला तिला दूर चालवत न्यायला सांगितलं आणि मागे उकिडवी बसून पाय बघितले. मी म्हणालो, अगं, तिचं डोकं तरी बघ. ती म्हणाली, "मी काय डोक्यावर बसणार आहे का, बाबा?"

पण तोवर माझी नजर दुसरीकडे गेली होती. तांबूस-काळी, उंच, आयाळ विंचरलेली, मान अशी उचललेली की जणू आपला फोटो निघतोय हे तिला ठाऊक आहे. आणि इथे माझा घात माझ्या कानांनी केला. माझा धंद्यातला नियम तुम्हाला माहीत आहे. लोक मला जे सांगतात त्यावर मी विश्वास ठेवत नाही. लोक एकमेकांना जे सांगतात तेवढंच ऐकतो. मागे सूर्यफुलाच्या बिया फोडत दोन म्हातारे बोलत होते. एक हळूच म्हणाला, "तो चामड्याच्या टोपीवाला बघ. जाणता दिसतो. नजर सरळ तांबडीवर गेली." दुसरा म्हणाला, "आता आपल्या हाती काय लागतंय. चल, तो घ्यायच्या आत तरी बघू." मामा, चामड्याची टोपी माझी होती. एवढी गोड गोष्ट माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे आजवर कुणी बोललं नव्हतं. मी जवळजवळ धावतच गेलो.

बेगायिम म्हणत होती की तिला चालवून बघू, थोडं सपाटीवर घेऊ. मी म्हणालो, वेळ नाही. विक्रेत्याने माझ्या बाहीत हात घातला, बोटं दाबून भाव सांगितला, मीही दाबली, सौदा झाला. आणि तो माणूस इतका दिलदार निघाला की त्याने घोडीच्या तोंडावरची म्होरकीही काढून घेतली नाही. आपल्याकडे विकणारा म्होरकी ठेवून घेतो, निदान आयाळीचा एखादा केस तरी उपटून खिशात टाकतो, घरची बरकत जनावराबरोबर जाऊ नये म्हणून. याने सगळं देऊन टाकलं. घरी येऊन मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. झूराकानने घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्होरकीसकट दिली?" एवढंच म्हणाली आणि पीठ मळायला आत गेली. त्या दिवशी पीठ फार वेळ मळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात, सपाट जमिनीवर, घोडी पहिल्यांदा खरी दिसली. मामा, तिचे खांदे खाली आणि ढुंगण वर आहे. खोगीर टाकलं की ते आपोआप मानेकडे निघतं, आणि खोगिरावरचा माणूसही. ती चालू लागली की पुढचं टोक नारीनला निघालेलं असतं आणि मागचं उलट दिशेला, कोचकोरला. मागचे नाल पुढच्या नालांवर आपटतात, त्यामुळे घोडी येते आहे की कुणी चहाचे पेले धुतो आहे ते कळत नाही. बाजारात हे का दिसलं नाही? मी परत जाऊन ती जागा पाहिली. तिचे पुढचे पाय मातीच्या उंचवट्यावर ठेवले होते. मुद्दाम रचलेला उंचवटा होता, वर वाळकं गवत पसरलेलं. आणि त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक जण विक्रेत्याची खोगिरं गाडीत चढवत होता.

मी तिथे उभा राहून बराच वेळ हसलो. कारण पंधरा वर्षं मी जुने ट्रक कायम उतारावर उभे करून दाखवत आलो आहे. ब्रेक सोडला की गाडी घरंगळते, गियर पडतो, इंजिन लागतं, गिऱ्हाईक म्हणतं वा. (तुम्हाला मार्चमध्ये दिलेला ट्रक उतारावर उभा होता त्याचं कारण वेगळं. त्या दिवशी जागा नव्हती.)

म्हातारीच्या त्या उंदरीचा तपास केला, तर ती त्याच दुपारी विकली गेली होती. बेगायिम मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती रोज पहाटे त्या तांबडीला फिरवते आणि घरी येऊन म्हणते, "बरी आहे, बाबा. सवय होईल." काल तिच्या तळहातांवर फोड पाहिले. तो घाट मला माहीत आहे, मी तिथे पहिला जॅक लावला होता. उतरताना तांबडी पोरीला मानेवरून पुढे फेकणार आणि पुढे खडक आहेत. पण बापाने आणलेली घोडी नको म्हणणार नाही ती. शर्यतीला बारा दिवस आहेत.

असो. तुम्ही हसलात ना? एवढ्यासाठीच लिहिलं. सगळ्यांना सलाम, वासरांना माझ्यातर्फे खाजवा.

तुमचा भाचा,
जुमाकादिर

ता. क. काल चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगत होता (मला नाही, म्हणून विश्वास ठेवला) की खालच्या खोऱ्यातल्या आसानकोजो म्हाताऱ्याने एक उंदरी घोडी घेतली आहे, वाऱ्यासारखी चढते. शिवाय असं की, मी तांबडीचा सौदा करत होतो तेव्हा तुम्ही पलीकडे कबाबच्या धुरामागे उभे राहून माझ्याकडे बघत कबाब खात होता. मला राग नाही. मीही तेच केलं असतं, पण दोन काड्या जास्त खाल्ल्या असत्या. तर भाचा मामाच्या कळपातली एक घोडी मागतो आहे. माझ्यासाठी नाही. शर्यतीपुरती दिलीत तरी चालेल.

ता. क. २. मार्चमध्ये जागा होती. अंगण रिकामं होतं, ट्रक मी मुद्दाम उतारावर नेऊन लावला. स्टार्टर गेलेला होता, हे मला ठाऊक होतं. तुम्ही तेव्हापासून निरोप पाठवला नाही, आणि तुम्ही तो ट्रक रोज टेकडीवर चढवून ठेवता असंही टपरीवर ऐकलं. गुरुवारी मी बेगायिमला घेऊन येतो, नवा स्टार्टर आणि नवी बॅटरी घेऊन. ट्रक तुमच्या अंगणात, जिथे मामी चादरी वाळत घालतात त्या सपाट जागी उभा करू. पहिल्या किल्लीला लागला नाही, तर घोडी बाहेर काढूच नका आणि मला जेवायलाही घालू नका.

ता. क. ३. म्होरकी मी नवी घेऊन येतोय. तुमची तुमच्याकडेच ठेवा, आयाळीचे केसही हवे तितके उपटा. तुम्ही म्होरकीसकट घोडी देऊ लागलात, तर मी काही बोलणार नाही. फक्त खाली वाकून तिच्या पुढच्या पायांखालची जमीन बघेन.