पिकअप सुरू झाली, पण तुमच्याशी भांडण आहे

अहो,

प्रिय वगैरे तुम्हाला जन्मात कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच हसाल. आज लिहायला बसलेय ती भांडायला. दुपारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. अंगण झालं, मागची पडवी झाली, गेटापर्यंत खेपा झाल्या. समोर असतात तर दंडाला धरून विचारलं असतं. नाही आहात, मग कागदावर तरी ऐकून घ्या!

तुमची पिकअप आज सुरू झाली.

लगेच खूश होऊ नका. पुढचं ऐका.

जन्मभर कंपनीचा ट्रक बोरघाटातून वर-खाली नेलात, पण मला एकदाही त्यात बसवलं नाहीत. विचारलं की म्हणायचात, "कंपनीची गाडी हाय, बायकोला फिरवायला नाय." आणि रिटायर झाल्यावर खोपोलीच्या भंगारातून हे जुनं धूड उचलून आणलंत. "शालन, ही आपली गाडी. नीट झाली की पयली फेरी घाटावर, एकवीरेला. तू म्होरं बसायचं." मी कपाळावर हात मारून घेतला होता. पत्र्याला बोट लावलं तरी गंज खाली पडत होता, म्होरं बसणार कशावर?

पण तुम्हाला कोण सांगणार! चाकं काढून विटांवर उभी केलीत, इंजिन उघडलंत, बसवलंत, परत उघडलंत. जेवायला हाक मारून मारून माझा घसा बसायचा. सुरू झाली त्या दिवशी आख्ख्या दहिवलीला पेढे वाटलेत. अहो, चाकं नव्हती हो तिला! नुसती जागच्या जागी थरथरत होती आणि तुम्ही आत राजासारखे बसलेले.

मग रोज सकाळी तेच. आत बसायचं, समोरच्या एकवीरेच्या फोटोला हात लावायचा, तो हात कपाळाला, आणि मग चावी. मी एकदा विचारलं होतं, "एवढं रोज काय मागता हो देवीकडे?" तर म्हणालात, "तुझ्याचसाठी मागतो गं. मला काय पायजे आणखी?"

मी विश्वास ठेवला! जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस म्हातारपणी देवभोळा झाला, असं कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटले.

आणि मग एके दिवशी छातीत कळ काय आली, आणि तुम्ही गेलात काय. घाट राहिला, देवी राहिली. मी तेव्हापासून तिला हात जोडले नाहीत. तुमची एवढी रोजची सेवा, आणि तिनं हे करावं?

गाडीवर ताडपत्री टाकली. हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आपली रश्मी मोहोपाड्याहून आली की म्हणायची, "आई, किती दिवस बघत बसणार तिच्याकडे? देऊन टाक." तिचंही खरं होतं. माझे हाल तिला बघवत नव्हते.

मग तो रिसॉर्टवाला आला. त्याला गेटाजवळ ठेवायला जुनी गाडी हवी होती. हौद्यात फुलझाडं लावणार, लोक फोटो काढणार. "इंजिन चालू नसलं तरी चालेल," म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली! तुम्ही ज्यात जीव ओतलात ते नसलं तरी चालेल? मी तिथल्या तिथे सलीमभाईंना फोन लावला. तुमचे खोपोलीचे दोस्त, हातातलं काम टाकून आले.

रश्मीशी ठरलं. रविवारी रिसॉर्टवाला क्रेन घेऊन येईपर्यंत गाडी सुरू झाली तर राहील, नाहीतर जाईल.

सलीमभाईंनी पत्रा बदलला, हौद्याला नव्या फळ्या ठोकल्या, कार्बोरेटर धुतला, चाकं चढवली. रंग तुमचाच हिरवा दिलाय. मला निळा हवा होता, तरीसुद्धा! पण गाडी काही सुरू होईना. सेल्फ मारला की नुसती कुरकुरायची. "वैनी, करंटच येत नाय. कुठं तुटतोय तेच कळत नाय," म्हणून तेही रडकुंडीला आले.

आज रविवार. सलीमभाई वायर आणायला गेले आणि इकडे क्रेनवाल्याचा फोन, निघालोय म्हणून. मला काही सुचेना. तुमच्या जागेवर जाऊन बसले. समोर तो फोटो. इतका राग आला! अंगठा तिच्यावर जोरात दाबला आणि म्हटलं, "सांग गं बाई, काय बिघडवलं होतं तुझं आम्ही?"

टक्.

फोटो आत गेला. मागं बटण होतं! गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवलेलं चोरबटण. शेवटचं तुम्हीच बंद केलेलं. मी चावी फिरवली, आणि काय सांगू, कोंबड्या पार कौलावर!

सलीमभाई आले ते डोकं धरून खालीच बसले. "तरी मी म्हणतो! समदं खोललं, पण देवीचा फोटो मी कसा हलवणार, वैनी? रंग मारताना पिशवी बांधली, पण हात नाय लावला." क्रेनवाला आला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जाईना, म्हणून दोनदा ओरडून सांगितलं, गाडी विकायची नाही! रश्मीला फोनवर नुसता आवाज ऐकवला. ती रडली, मी रडले.

पण त्यानंतर जी फिरतेय ती फिरतेय. रोज सकाळी तुम्ही नुसतं बटण दाबत होतात? आणि "तुझ्याचसाठी मागतो" म्हणून माझ्या तोंडाला पानं पुसलीत? फसवलंत ना मला?

मघाशी भांडी घासताना हात थांबला. याच खिडकीतून मी तुम्हाला बघायची, तुम्हाला पत्ताही नसायचा. बटण दाबून झाल्यावर तुम्ही तो हात कपाळाला लावायचात. डोळे मिटायचात. चांगला वेळ. अहो, बटणाला तर नुसता अंगठा पुरतो! कपाळाला हात कशाला लागतो?

फार आठवण येते हो तुमची.

सलीमभाई कागदपत्रं करून घेतायत. ती झाली की घाट चढायचा. चालवतील ते, म्होरं मी बसेन, आणि बटणाला हात दुसऱ्या कुणी लावायचा नाही. मीच दाबेन, आणि तोच हात कपाळाला लावेन, वचन देते. काय मागितलंस म्हणून विचारलंत, तर तुम्ही मला दिलं होतंत तेच उत्तर देईन.

तुमची,
शालन