फ्रेमसोबत आलेले बाबा

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांची काच फुटली! आई जळमटं काढत होती, झाडूचा दांडा फोटोला लागला आणि बाबा थेट जमिनीवर. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बापाला पहिल्यांदा उचलून घेतलं. जिवंतपणी भेट नाही — मी पोटात असताना बॉयलर फुटून गेले, असं आई सांगते.

"राहू दे तशीच काच," आई म्हणाली.

राहू दे? मी फ्रेमच्या दुकानाची मालकीण!

४ नोव्हेंबर

दुकानात मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला. फोटोच्या पाठीवर निळा शिक्का — "नमुना. विक्रीसाठी नाही."

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

माझ्याच दुकानात असले नमुने ढिगाने आहेत. फ्रेम रिकामी दिसू नये म्हणून आत कुणीतरी हसरा माणूस घालतात. लोक घरी जाऊन तो काढून टाकतात. आईने ठेवून घेतला!

५ नोव्हेंबर

आईला काही बोलले नाही. लेकीला सांगितलं. ती पोट धरून हसली. "म्हणजे आजोबा मॉडेल होते?"

मलाही हसू आलं. मग राग. सातवीत असताना आरशासमोर उभी राहून मी त्यांच्यासारखी डावी भुवई उडवायला शिकले! अजून गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती आपोआप वर जाते. सगळे म्हणायचे, अगदी बापावर गेलीय. आणि "बाबांना चाललं नसतं" एवढ्यावर आईने माझं नाटक बंद केलं, केस कापू दिले नाहीत, एक बरा मुलगा हातचा घालवला. शिक्क्याच्या माणसाला काय काय चालत नव्हतं!

७ नोव्हेंबर

नवी काच घालून परत टांगले. आई म्हणाली, "तरुण दिसताहेत." धन्य बाई.

१० नोव्हेंबर

हिंमत होत नाही.

१२ नोव्हेंबर

आज विचारलंच. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, "आई, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

तिने मान वर केली नाही. "पाठ बघितलीस होय?"

"बघितली."

"नव्या गावात खोली हवी होती गं. मालकीणबाई म्हणाली, पदरात पोर, नवरा कुठाय? मग मी बाजारातून आणला. मेलेला बरा — जेवायला घालावं लागत नाही."

दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. पाणी दिलं. मग विचारलं, "आणि खरा कोण?"

"मला काय माहीत?"

हे कसलं उत्तर? शेंगा मात्र सगळ्या सोलल्या.

१३ नोव्हेंबर

सकाळी आपणहून बोलली. तेव्हा ती इस्पितळात चादरी धुवायची. एक पोरगी बाळंत झाली आणि बाळाला तिथेच सोडून निघून गेली. आईने ते बाळ चादरींच्या गाठोड्यातून घरी आणलं.

"कुणाला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशी ती परत आली. रडत सगळे वॉर्ड फिरली. मी खाली मान घालून चादरी पिळत राहिले. दुसऱ्या दिवशी तुला घेऊन गाव सोडलं."

माझ्या तोंडून एवढंच निघालं — "तिचं नाव?"

"तेच तुझं ठेवलं."