मिशिताच्या बशीतला गोटा

बाबा,

मिशिता मांजरी जेवल्या जेवल्या पुन्हा ओकली, तुमच्या चपलेतच. मी पुसलंय. तिला एकदम वाढू नका, हावरटासारखी गिळते आणि तसंच बाहेर काढते. बशीत मोठा गोटा ठेवलाय; त्याच्याभोवतीनं चाटत सावकाश खाईल. उकडलेला मासा द्या, काटे काढून, थोडा थोडा. रक्त दिसलं तर डॉक्टरकडे न्या.

आणि ओकारीत काळ्या घेवड्याचा भात होता, तळलेली केळी होती. काल तुमच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. "सगळं संपवलं, पोरी," म्हणालात ना?

आई गेल्यापासून तुम्ही जेवत नाही, हे मला मांजराकडून कळावं?

हवानाची लाँच सुटेल, मला कामावर जावंच लागतं हो. तिच्या बशीत गोटा ठेवला. तुमच्या ताटात काय ठेवू, सांगा.

योस्लेनी