सोनालीसाठी केलेले व्हिडिओ

मंगळवार, न्हावरे

सोनाली आजही वर्गात नव्हती. फळ्यावरचं तिला समजत नाही, म्हणून मी तिच्यापुरते अपूर्णांकाचे व्हिडिओ केले होते, भाकरीचे तुकडे करत, सावकाश. ते बघून तिला गणितं जमायला लागली. किती खूश होते मी!

संध्याकाळी त्यांच्या रानात गेले. कांद्याची लागण चाललेली. तिचे वडील हसून म्हणाले, "बाई, लई उपकार झालं. पोरगी मोबाईलवरच शिकती आता. मग साळंत कशाला धाडायची? हितं कामाला येती."

सोनाली वाफ्यात वाकून रोपं लावत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. तिच्या आईने मला भाकरी दिली. मला ती मोडवेना.

उद्याचा व्हिडिओ तयार आहे. पाठवला नाही तर तिचं शिकणं थांबेल. आणि पाठवला, की ती वाफ्यातच राहणार.